नळ तुंबला, रु. 28,400

माझ्या जमाखर्चाच्या वहीत गेल्या श्रावणातली एक नोंद आहे : ‘नळ तुंबला. प्लंबर. रु. 28,400.’ आकडा पैन्‌पै खरा आहे. नळही खरोखरच तुंबला होता. फक्त तो न्हाणीघरातला नव्हता, आमच्या बोक्याचा होता.

बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण खोटी एन्ट्री एकही केली नाही. निवृत्तीनंतर ती करायची वेळ आली ती आईमुळे. आई 84 वर्षांची आहे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरात संध्याकाळी दिवेलागण झाली की ती चष्मा लावून माझी जमाखर्चाची वही वाचते. इतरांच्या आया पोथी वाचतात. ‘कोथिंबीर 20? आषाढात?’ एवढंच विचारते, पण असं विचारते की पुढच्या खेपेला मी कोथिंबिरीशिवाय घरी येतो. अशा बाईच्या डोळ्यांखालून ‘मांजराचा दवाखाना, 28,400’ ही ओळ जाऊ द्यायची म्हणजे तिच्या आरोग्याशी खेळ. शिवाय मांजर या विषयावर तिचं मत गिरगावातल्या चाळीत लहानपणीच पक्कं झालेलं : “आमच्याकडे मांजरं मेली की कळायचं. आजारी पडलेली कधी कळली नाहीत.”

मनी आमच्याकडे चार वर्षांपूर्वी आला. आला म्हणजे भर पावसात सोसायटीच्या मीटरच्या खोलीत ओरडत होता, तिथून बायकोनं पदराखाली आणला. फुकट. हा शब्द मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. नाव तिनंच ठेवलं. पहिली लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला उताणं करून सांगितलं, “हा बोका आहे.” तोवर नाव अंगवळणी पडलं होतं. आमच्या, त्याच्या नाही. तो कुठल्याच नावाला ओ देत नाही. आमचे चिरंजीव इंग्रजी माध्यमातले. त्यांना त्या नावात पहिल्यापासून वेगळाच अर्थ दिसायचा. तेव्हा मी हसलो होतो.

तर त्या रविवारी रात्री मनी आपल्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला. उठला. पुन्हा बसला. पंधरा मिनिटांत सहा वेळा. बायको म्हणाली, “अहो, हा बसतोय, पण होत नाहीये.”

ती बसण्याची तऱ्हा, ती कमान, ते भिंतीकडे लागलेले डोळे मी तात्काळ ओळखले. 2019 साली मला मुतखडा झाला होता. पाच मिलिमीटरचा. तेव्हा मीही असाच भिंतीकडे बघत बसायचो. आमच्या स्टेशनजवळच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मान वर न करता “पाणी प्या, पडेल” म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. घरी कुळथाचं कढण, जवाचं पाणी आणि बायकोचा “बाई बाळंत होते तिचं काय मग?” हा प्रश्न, एवढ्यावर अकराव्या दिवशी खडा पडला. एकूण खर्च : सोनोग्राफी 900, कुळीथ 80. वहीत आहे.

त्यामुळे मी म्हणालो, “पाणी पाजा. पडेल.”

बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मीच त्याचा नळ दाबून धरलाय. शेजारचे काका अर्धी क्रोसिन घेऊन आले. ती दिली नाही हे आमचं नशीब. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. रात्रभर मनी ओरडत होता, बायको जागी होती, आणि मी झोपल्याचं सोंग करत होतो.

सकाळी आई म्हणाली, “एवढंच असेल तर बैलघोड्याला न्या.”

मुंबईच्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही, पण नव्यांसाठी सांगतो. परळचं जनावरांचं इस्पितळ म्हणजे बैलघोडा हॉस्पिटल. खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनी पत्नीच्या नावानं 1880च्या दशकात उभं केलेलं. त्याच आवारात 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. तेव्हा शहर बैल आणि घोडे ओढत होते, म्हणून इस्पितळाला नाव त्यांचं. कुत्र्या-मांजरांचं नाव लागलं नाही, कारण ती काही ओढत नव्हती. आताही ओढत नाहीत. खिसा सोडून.

जनावरांच्या बाबतीत या शहराचं डोकं पहिल्यापासून जरा तापट. 1832 साली सरकारनं भटके कुत्रे मारायला बक्षीस लावलं तर पारशी मंडळींनी दंगल केली, बाजार बंद पाडले. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय वगैरे मंडळींनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. आईला तिच्या वडिलांनी लहानपणी तिथल्या गाई दाखवायला नेलं होतं. तिच्या दृष्टीनं जनावरांची काळजी ही शेठ लोकांनी घ्यायची गोष्ट आहे. आपण जाऊन चारा घालायचा आणि लोकल पकडून घरी यायचं.

शेठ लोक अजून घेतातही. 2024 साली टाटा ट्रस्टनं महालक्ष्मीला छोट्या प्राण्यांचं मोठं इस्पितळ काढलं, 165 कोटी रुपयांचं. पण परळ काय, महालक्ष्मी काय, दोन्ही मुलुंडहून सोमवारी सकाळी पावणेनऊला गाठायची म्हणजे आधी माणसाचाच जीव जायचा. तेव्हा घराजवळचा दवाखाना बघणं आलं. कुठला ते सांगत नाही. दोष त्यांचा नव्हता आणि पैसे माझे होते.

मनीला भाजीच्या जाळीच्या पेटीत घातला, वर ओढणी बांधली. रिक्षा केली. मीटर 26 रुपयांवरून सुरू झाला, आणि त्या दिवसातला माझ्या आवाक्यातला तो शेवटचा आकडा ठरला.

काउंटरवर एक मुलगी होती.

“पेशंटचं नाव?”

“मनी.”

“पूर्ण नाव?”

मी गप्प. तिनं माझं आडनाव विचारलं आणि संगणकात टाकलं : मनी करंदीकर, वय 4, नर. आमच्या घराण्यात हे आडनाव मिळायला माझ्या बायकोला सहा महिने पत्रिका फिरवाव्या लागल्या होत्या. याला अर्धं मिनिट लागलं. थोड्या वेळानं दार उघडून तीच मुलगी ओरडली, “मनीचे पप्पा कोण?” बाकावरच्या आठ माणसांनी आणि पाच कुत्र्यांनी माझ्याकडे बघितलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पांढऱ्या मिशांसकट, मी उभा राहिलो.

त्या बाकाविषयी थोडं लिहिलं पाहिजे. माणसांच्या दवाखान्यात पेशंट कण्हत असतो आणि सोबतची माणसं मोबाइल बघत असतात. इथे पेशंट एकमेकांचा वास घेत मजेत असतात आणि सोबतची माणसं कण्हतात. एका गुजराती काकांच्या मांडीवर पिंजरा होता, त्यात हाताच्या अंगठ्याएवढा लव्हबर्ड. पक्ष्याची किंमत काय विचारलं तर म्हणाले, “तीनशे. पण आत्तापर्यंत अकराशे झाले.” मी मनातल्या मनात टक्केवारी काढली आणि ती न सांगायची ठरवली. त्यांच्या पलीकडे एक जोडपं लॅब्रेडॉर घेऊन बसलं होतं. गोचीड ताप. प्लेटलेट खाली आलेल्या. नवरा आकडे अशा आवाजात सांगत होता की वाटावं धाकटा भाऊ आयसीयूत आहे. त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यावर रांजणवाडी आली होती, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याचंही.

डॉक्टरीणबाई तिशीतल्या होत्या. पोट चाचपलं आणि म्हणाल्या, “काका, मूत्राशय लिंबाएवढं टणक झालंय. नर मांजरांची मूत्रनलिका फार अरुंद असते. स्फटिक साचतात, बूच बसतं. दोन-तीन दिवस असंच राहिलं तर रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. रात्रीच आणायला हवं होतं.”

मी “पाणी प्या, पडेल” हे वाक्य गिळलं.

“मग आता?”

त्यांनी कागद पुढे केला. अंदाजपत्रक होतं. तपासणी 700. रक्ताच्या चाचण्या 2,200. सोनोग्राफी 1,800 (माझी 900ला झाली होती, आणि माझं पोट याच्या वीसपट आहे). भूल देऊन नळी घालणं 9,000. तीन दिवस भरती, दिवसाला 2,500. सलाइन, इंजेक्शनं, औषधं मिळून 4,300. गळ्यात घालायचं प्लॅस्टिकचं नरसाळं 450, त्याला एलिझाबेथन कॉलर म्हणतात. साडेचारशेत राणी एलिझाबेथ म्हणजे तशी स्वस्तच. आणि घरी नेताना खास मूत्रविकाराचं खाणं, दीड किलो, 2,450.

आता मी कोण माणूस आहे हे सांगतो. स्टेशनबाहेरच्या भाजीवालीशी मी दोन रुपयांच्या लिंबावरून वाद घातला आहे. दारावर रद्दीवाला आला की मी आतून माझा स्वतःचा काटा आणतो. त्या मी तो कागद घेतला, खाली सही केली आणि विचारलं, “कार्ड चालेल?”

असं का झालं याचा मी बराच विचार केला आहे. एक तर मनी त्या वेळी माझ्याकडे बघत होता. दुसरं, खरं कारण असं, की औषधोपचाराची किंमत मला तोवर माहीतच नव्हती. माझ्या गुडघ्याचा एमआरआय झाला तो मेडिक्लेमवर. आईच्या मोतीबिंदूचं बिल विमा कंपनी आणि इस्पितळ यांनी आपापसात मिटवलं. आम्ही फक्त सही केली आणि चहा प्यायलो. वडील शेवटी केईएमला होते. 1926 पासून ते इस्पितळ परळला उभं आहे, बैलघोड्यापासून फार लांब नाही. तिथे केसपेपर दहा रुपयांचा, बाकीचे पैसे महापालिकेनं, म्हणजे अख्ख्या मुंबईनं भरले. आपल्या आजारपणात आणि आपल्या खिशात नेहमी कुणीतरी मध्ये उभं असतं. बोक्याच्या वेळी मध्ये कुणी नव्हतं. साठ वर्षांत पहिल्यांदाच औषधाचं बिल मला उघडंवाघडं भेटलं.

आणि एक्स-रेचं यंत्र काही ‘मांजरासाठी आहे’ म्हणून निम्म्या दरात मिळत नाही. भुलेचा गॅस तोच, रक्त तपासायची रसायनं त्याच भावाची, मुलुंडमध्ये गाळ्याचं भाडं तेच. उलट काम जास्त. डॉक्टरीणबाई साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेल्या, त्यात गाय, घोडा, कोंबडी सगळं शिकलेल्या, आणि त्यांचा एकही पेशंट कुठे दुखतंय हे सांगत नाही. मी डॉक्टरकडे गेलो की सांगायला सुरुवात करतो आणि ते मला थांबवतात. मनीनं काही सांगितलं नाही, फक्त कंपाउंडरच्या मनगटावर चार रेघा ओढल्या. मग चाचण्या कराव्याच लागतात. हे सगळं मला पटलं. पटल्यावर पैसे कमी होत नाहीत, एवढीच अडचण आहे.

तीन दिवस मनी भरती होता. आईला सांगितलं, “बोका कुठेतरी हिंडायला गेलाय.” ती “हं” म्हणाली.

बातमी मात्र घराबाहेर सगळीकडे गेली. पहिला फोन संगमेश्वराहून चुलतभावाचा. त्याच्याकडे तीन म्हशी आहेत. “बोक्याला अठ्ठावीस हजार? अरे, एवढ्यात बोकड येतो! दोन येतील!” मग समजूत घालत म्हणाला, “सरकारी नंबर आहे ना, 1962. फिरता दवाखाना दारात येतो.” आमच्या पिढीला 1962 म्हटलं की चीन आठवतो, पण तो नंबर खरा आहे. फक्त तो पशुधनासाठी, आणि धन या शब्दात मनी बसत नाही. सरकारचा हिशेब सरळ आहे : म्हैस दूध देते, तिला दवाखाना. कोंबडी अंडं देते, तिलाही. बोका काय देतो? पहाटे पाचला छातीवर उभा राहून शिळ्या तोंडाचा वास देतो.

अंधेरीच्या पुतण्यानं उलटंच केलं. आकडा ऐकून म्हणाला, “काका, स्वस्तात सुटलात.” लोखंडवालात त्याच्याकडे हस्की आहे. सैबेरियात गाडी ओढायला तयार झालेलं जनावर अंधेरीच्या उकाड्यात राहतं, म्हणून त्याच्यासाठी एसी दिवसरात्र चालू. पुतण्या स्वतः दिवसभर ऑफिसात असतो. त्याची आई हॉलमध्ये पंख्याखाली झोपते. ‘हस्कीला हृदयरोगतज्ज्ञ दाखवला’ हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मला माझा चुकलेला ईसीजी आठवला.

घाटकोपरच्या वहिनींच्या लॅब्रेडॉरनं गेल्या वर्षी पायमोजा गिळला. पोट उघडून काढावा लागला. बिल साठच्या घरात. वहिनींनी तो मोजा धुऊन ठेवला आहे. “फेकवत नाही हो,” म्हणतात, “घरात सगळ्यात महाग कपडा तोच. माझा शालूसुद्धा त्याच्या खाली येतो.” सगळ्यात जास्त लागलं ते त्यांना वेगळंच : जोडीतला दुसरा मोजा सापडत नाही, आणि तो कुठे असेल हा विचार त्यांना रात्री झोपू देत नाही.

बोरिवलीचा मित्र कुत्री पाळत नाही, नॅशनल पार्कच्या कडेला राहून रस्त्यावरच्या आठ-दहांना खायला घालतो. त्याला बिलं येत नाहीत. अधूनमधून बिबट्या येतो.

विम्याची चौकशीही मी केली. निवृत्त बँकवाला ती केल्याशिवाय राहणार कसा? कुत्र्यांसाठी काही कंपन्या विमा देतात. एजंटनं पहिला प्रश्न विचारला, “पूर्वीचा काही आजार?” दुसरा, “कुत्राच आहे ना?” दोन्ही उत्तरं त्याला आवडली नाहीत. जाता जाता त्यानं माझीच पॉलिसी वाढवून घ्यायचा सल्ला दिला.

चौथ्या दिवशी मनी घरी आला. गळ्यात नरसाळं, पाठीवरचे केस विस्कटलेले, चेहऱ्यावर आमच्यामुळे आपल्याला किती मनस्ताप झाला याचा भाव. नरसाळ्यामुळे त्याला दारातून जाता येईना, तो प्रत्येक चौकटीला अडकायचा आणि अडकून आमच्याकडे बघायचा. त्याच्या खाण्याच्या पाकिटावर 18 टक्के जीएसटी होता. गंमत म्हणजे पशुवैद्यकाच्या फीवर जीएसटी नाही. म्हणजे मांजर बरं करणं ही सेवा, पण बरं झाल्यावर त्यानं जेवणं ही चैन. मी भाव काढला : किलोला सोळाशे रुपयांच्या वर. त्या आठवड्यात बाजारात सुरमई त्याहून स्वस्त होती. मी बायकोला म्हटलं, “हे दाणे आपण खाऊ, त्याला सुरमई घालू.” तिनं वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वास घेतला, नरसाळ्याच्या कडेनं वाटी उपडी केली आणि निघून गेला. दीडशे रुपये फरशीवर पसरले. मी गुडघ्यांवर बसून एकेक दाणा गोळा केला. तोच गुडघा, मेडिक्लेमवाला.

रात्री सगळे झोपल्यावर मी वही उघडली. सदरं ठरलेली आहेत : किराणा, दूध, वीज, वैद्यकीय, दुरुस्ती, धर्मादाय, इतर. वैद्यकीयमध्ये घातलं तर आई विचारणार, कुणाचं. धर्मादायमध्ये एवढी रक्कम आमच्या सात पिढ्यांत कुणी टाकलेली नाही. शेवटी ‘दुरुस्ती’मध्ये लिहिलं : नळ तुंबला. प्लंबर. 28,400. शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आईनं चष्मा लावला, वही उघडली. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. बायको स्वयंपाकघरात विनाकारण भांडी वाजवू लागली. आई त्या ओळीपाशी आली असावी, कारण पान उलटायचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मनी नरसाळ्यासकट हॉलमध्ये आला, तिच्या खुर्चीच्या पायाला अडकला आणि तिथेच बसला.

तिनं वही मिटली. चष्मा पुसला. वाकून त्याचं नरसाळं खुर्चीच्या पायातून सोडवलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

“काय रे, नळाला आज शू झाली का?”